गाणं संपलं आणि पुढं काहीच नाही

सकाळी रेडिओच्या स्टुडिओत बसून सांगलीच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी फोनवर लिहून घेत होतो, 40 फुटाला इशारा अन् 45 ला धोका, म्हणून आकडा दोनदा विचारला, आणि तेवढ्यात गाणं संपलं की. गाणी लावायचं सॉफ्टवेअर लाईव्ह असिस्टवर राहिलेलं. ऑटोला पुढचं गाणं आपोआप लागतं, इथं ते रांगेत थांबतं, तुम्ही बटण दाबेपर्यंत. स्क्रीनवर तयार दिसत होतं बिचारं.

वीसेक सेकंद शांतता. लगेच सांगलीवाडीहून एका मावशींचा फोन, "बाळा, आवाज थांबला, मला वाटलं तुमच्याकडंच पाणी शिरलं."

चूक माझीच. पण दिवसभर मावशींचा तो घाबरा आवाज कानात आहे. ऑटोवर टाकलं असतं तर गाणी वाजत राहिली असती, मी खुर्चीत नसतो तरीपण. मग पावसाळ्यात मावशींना कळणार कसं, की इकडं माणूस आहे का नाही?