आमची वाटचाल : काटे-चमचे, वर्ख आणि एक शोरूमवाला

आमचा धंदा जुन्या काट्या-चमच्यांच्या दांड्यांवर रंग आणि वर्खाची नक्षी करण्याचा. सांगलीत धंद्याची गोष्ट काढली की लोक आधी २०१९चा पूर विचारतात. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं, आमच्या गणपती पेठेतल्या खोलीतही शिरलं. वर्खाची पातळ पानं ज्यात ठेवतात, त्या वह्यांचा लगदा झाला. पण चमचे काही पाण्याने मरत नाहीत. गाळ धुतला आणि कामाला लागलो. आम्हाला बुडवायला निघाला होता तो एक शोरूमवाला.

सुरुवात पेंटरमामांची. ट्रकमागची अक्षरं, दुकानांच्या काचेवरचं सोनेरी काम यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. फ्लेक्स आले आणि ब्रश सुकले. मी तेव्हा पाचगणी-महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यांतून निघणारे काटे-चमचे भंगारवाल्याकडून किलोवर घेत होते. (मागे ‘ईपीएनएस’ ठसा दिसला तर सोनाराकडे पळू नका. आत तांबं, जस्त, निकेल. चांदी फक्त वरच्या मुलाम्यापुरती.) मामा म्हणाले, दांड्या दे इकडे.

आधी थिनरने पुसणं, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासणं, मग प्राइमर, त्यावर इनॅमल. इनॅमल पूर्ण वाळलं की वर्खाच्या जागी साइज, म्हणजे पान चिकटवायचा लेप. साइज ओली असताना पान टाकलं तर झळाळी जाते, फार सुकली तर पान धरतच नाही. मामा बोटाचं मागचं पेर टेकवायचे. बोट ओढलं जावं, पण त्याला काही लागू नये. खारीच्या केसांचा चपटा ब्रश गालावर फिरवायचा, तेवढ्या तेलकटपणावर पान उचललं जातं. पंखा बंद, बोलणं बंद. पितळी पान असेल तर वर लॅकर हवंच, नाहीतर ते काळवंडतं. आणि नक्षी फक्त दांडीवर. तोंडात जाणाऱ्या भागाला रंगाचा ठिपकाही नाही.

पहिला मोठा संच मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी लेकीच्या रुखवतासाठी नेला. त्यानंतरची काही वर्षं बरी गेली.

मग हा शोरूमवाला आला. ‘ताई, नमुने ठेवा, विकले की पैसे देतो.’ पैसे नाहीत, नमुनेही परत नाहीत. पुढच्या लग्नसराईत त्याच्या काचेत आमचीच कमळवेल, पण स्टिकरची! चमचा अख्खा सोनेरी स्प्रेने माखलेला, किंमत निम्मी, आणि वर गिऱ्हाइकाला सांगणं, ‘पेंटरमामांचंच काम आहे.’ एका लग्नात बासुंदीत पापुद्रे तरंगले. बोभाटा आमच्या नावाचा. ठरलेल्या ऑर्डरी फोनवरच मोडल्या. मामांनी तर ब्रश रॉकेलमध्ये घालून ठेवून दिले.

डॉक्टरीणबाईंनी लेकीकडून जुना संच मागवला, बासुंदीवाल्या लग्नातल्या वरमाईसमोर ठेवला आणि म्हणाल्या, ‘खरवडा नखाने.’ दांडीवरचं पान हललं नाही. त्या वरमाईनेच पुढे दोन घरं आमच्याकडे पाठवली. नवीन धंदा करणाऱ्यांनो, नमुना देताना सही घ्या, मागच्या बाजूला आपली खूण कोरा, आणि ‘ताई’ म्हणणाऱ्याकडून आधी पैसे घ्या.

गेल्या दिवाळीआधी त्याच शोरूमचा पोऱ्या पिशवीभर सोललेले चमचे घेऊन दारात. मालकांनी दुरुस्तीला दिलेत म्हणे. मामांनी पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. पूर्ण ॲडव्हान्स घेतला, जुन्या नमुन्यांचे पैसे त्यातच धरून, आणि मगच स्प्रे उतरवायला थिनर काढलं.