गल्फ रुपया आणि पप्पांचे दिनार

गेल्या शनिवारी पप्पांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे फोर्टात घेऊन गेले होते. काम लवकर आटोपलं, म्हणून फुटपाथवर जुन्या नोटा-नाणी मांडून बसलेल्या एकापाशी थांबलो. त्याच्याकडे आपल्याच रिझर्व्ह बँकेची, पण वेगळ्याच रंगाची दहा रुपयांची नोट होती. नंबराच्या आधी इंग्रजी झेड. "काका, ही इथे नाही चालायची, आखातात चालायची," तो म्हणाला. पप्पांनी ती पाकिटासकट हातात घेतली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

पप्पा आठ वर्षं कुवेतमध्ये स्टोअरकीपर होते. इराकने कुवेत गिळला आणि १९९०च्या सप्टेंबरमध्ये ते परत आले, तेव्हा मी पाचवीत होते. बसने बसरा, बगदाद, मग जॉर्डनच्या सीमेवर वाळवंटातल्या तंबूत अकरा दिवस, आणि अम्मानहून एअर इंडियाचं विमान. सहार विमानतळाबाहेर आई त्यांना ओळखूच शकली नाही. त्यांच्याजवळ एक पिशवी होती आणि बनियनच्या आत शिवलेले कुवेती दिनार. दुसऱ्याच दिवशी ते दिनार घेऊन ते एका बँकेत गेले. काउंटरवरच्या माणसाने सांगितलं, हा देश आता नाही, या नोटा कोण घेणार? त्यातल्या पाच नोटा अजून आमच्या घरी बिस्किटांच्या डब्यात आहेत.

तेव्हापासून पप्पांचं एकच म्हणणं: "एका रात्रीत जो पुसला जातो, तो कसला देश गं?"

मला ते कधीच पटलं नाही. कुवेतचा इतिहास मी वाचत गेले तोही या एका वाक्यामुळेच.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्हे एकत्र केले तर होईल त्याहून साधारण तिसऱ्या हिश्शाने मोठा हा देश. १८९९ साली कुवेतचा राज्यकर्ता शेख मुबारकने इंग्रजांशी करार केला: तुमच्या परवानगीशिवाय जमीन कुणाला देणार नाही, दुसऱ्या कुठल्या सत्तेचा प्रतिनिधी ठेवून घेणार नाही. मोबदल्यात त्याला मिळाले १५,००० रुपये. आपलेच रुपये, कारण तिकडे चलन हेच होतं. सोन्याच्या चोरट्या व्यापारात आपली परकीय गंगाजळी आटू लागली, तेव्हा १९५९मध्ये आखातासाठी ही वेगळी झेडवाली नोट, म्हणजे गल्फ रुपया, काढली. म्हणजे नाशिकरोडला छापलेल्या नोटेने कुवेतच्या बाजारात मासळी विकत मिळत होती.

१९ जून १९६१ला तो जुना करार संपला आणि कुवेत स्वतंत्र झाला. त्याच दिवशीच्या पत्रव्यवहारात एक कलम मात्र राखून ठेवलं होतं: मागितली तर इंग्रजांनी मदत करायची. आठवडाही उलटला नाही तोच, २५ जूनला, इराकचा पंतप्रधान कासीमने कुवेत आपलाच असल्याचं जाहीर केलं. अमीर अब्दुल्ला अल-सालेम यांनी मदत मागितली आणि १ जुलैला इंग्रज सैनिक उतरले. जुलैचा तिथला उन्हाळा पप्पांकडून ऐकलाय, त्यामुळे त्यातले कितीतरी सैनिक उष्माघाताने आडवे झाले हे वाचून मला नवल वाटलं नाही.

खरा पेच यानंतरचा आहे आणि मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो त्यातून काढलेल्या वाटेचा. इंग्रजांनी इजिप्तवर हल्ला केला त्या सुएझच्या युद्धाला पाचच वर्षं झाली होती. अरबांच्या भूमीवर इंग्रज फौज ठेवून घेणारा अरब देश कोण मानणार? तेव्हा अमीर अरब लीगकडे, म्हणजे अरब देशांच्या संघटनेकडे, गेले. २० जुलैला कुवेतला सदस्यत्व मिळालं. मग सौदी, जॉर्डन, सुदान अशा देशांचे सैनिक आले आणि ऑक्टोबरपर्यंत इंग्रज परत गेले. ज्याला मदतीला बोलावलं त्याला अवघ्या चार महिन्यांत, भांडण न करता निरोप देणं किती देशांना जमलंय? त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी अरब देशांना विकासासाठी कर्ज देणारा निधी उभा केला. तेलाचा पैसा मैत्रीत गुंतवला.

संयुक्त राष्ट्रांचं दार मात्र सोव्हिएत नकाराधिकाराने अडवलं होतं. कासीम मारला गेल्यावर, १४ मे १९६३ला, ते उघडलं. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये इराकनेही मान्यता दिली.

चहा पिता पिता मी हे सगळं पप्पांना सांगितलं. म्हटलं, २ ऑगस्ट १९९०ला सद्दामचे रणगाडे घुसले, त्याच दिवशी सुरक्षा परिषदेने ठराव केला, इराकने बाहेर पडावं. १९६३पासून कुवेतची संयुक्त राष्ट्रांत खुर्ची होतीच. बँकेतल्या त्या माणसाचं चुकलं होतं, पप्पा. देश होता.

पप्पा बशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एकसष्टला आधी बोलावलं. नव्वदला का नाही बोलावलं? पंधरवडाभर तिकडे सीमेवर फौज जमतेय हे आमच्या गोदामात सगळ्यांना माहीत होतं."

त्यांना मी सौदीतल्या जेद्दाहला झालेल्या इराक-कुवेत बोलण्यांविषयी सांगितलं. १ ऑगस्टला ती फिसकटली, तोवर अरब भाऊबंदांत तोडगा निघेल अशी आशा होती. शिवाय १९८७मध्ये याच कुवेतने इराणच्या धास्तीने आपल्या तेलवाहू जहाजांवर अमेरिकेचा झेंडा चढवला होता, आणि इराकला इराणशी युद्धासाठी अब्जावधी डॉलर दिले होते. ज्याला पैसा पुरवला तोच उलटेल हे गृहीत कसं धरायचं?

"आम्ही धरलं होतं," पप्पा म्हणाले. "जुलैच्या पगारातून मी आईला पैसे पाठवलेच नाहीत. बनियनमध्ये शिवले."

हे मला चौतीस-पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच कळलं. घरी आल्यावर त्यांनी डबा काढायला लावला, पाचही नोटा टेबलावर सरळ केल्या आणि त्यांच्या शेजारी ती झेडवाली नोट ठेवली. ती त्यांनी कधी विकत घेतली, मला कळलंही नव्हतं.