पुढचं कार्ड कुठलं? सावद्याच्या स्कुबावाल्याचा अनुभव

जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या सावद्याहून समुद्र गाठायचा तर एक रात्र गाडीतच जाते. त्यामुळे मी स्कुबा शिकतोय म्हटलं की दुकानात आलेली माणसं आधी हसतात आणि मग म्हणतात, "मालवणला आम्हीबी केलं ना भो." त्यांनी केलेलं वेगळं. तिथे गाईड सिलिंडरला धरून पंधरा-वीस मिनिटं फिरवून आणतो आणि वर आल्यावर व्हिडिओ देतो. माझ्याकडे पॅडीचं, म्हणजे स्कुबा शिकवणाऱ्या एका संस्थेचं, ओपन वॉटर हे पहिलं कार्ड होतं. चार डाईव्ह, म्हणजे पाण्याखालच्या चार फेऱ्या, करून मिळालेलं, जोडीदारासोबत 18 मीटरपर्यंत स्वतःच्या जबाबदारीवर उतरायची मुभा देणारं. प्रश्न होता पुढे काय करायचं.

जूनपासून मालवणचा समुद्र बंद, आणि माझ्या कृषी केंद्रात त्याच वेळी खरिपाची गर्दी. तरी रात्री शटर ओढल्यावर मी वही घेऊन बसायचो. एका सेंटरवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "डोळे झाकून पुढचा अ‍ॅडव्हान्स कोर्स करा साहेब, दोन दिवसांत कार्ड." ते 'दोन दिवसांत' मला खटकलं. बियाणं विकणाराही असंच बोलतो, मीही बोललोय.

हिशोब केला तेव्हा कळलं. पॅडीच्या अ‍ॅडव्हान्सला पाच डाईव्ह लागतात. त्यातली एक खोल आणि एक दिशा शोधण्याची सक्तीची, बाकी तीन आपल्या पसंतीच्या. म्हणजे ओपन वॉटरच्या चार धरून आयुष्यात एकूण नऊ डाईव्ह केलेला माणूस 'अ‍ॅडव्हान्स्ड' होऊ शकतो आणि 30 मीटरपर्यंत जाऊ शकतो. एसएसआय या दुसऱ्या संस्थेत तेच नाव मिळवायला चार स्पेशालिटी, म्हणजे एकेका विषयाचे छोटे कोर्स, आणि 24 डाईव्ह लागतात. नाव एकच, पण एकाच्या वहीत नऊ नोंदी आणि दुसऱ्याच्या चोवीस.

मग 30 मीटरचा मोह तपासला. माझ्या सिलिंडरचा दाब 200 बारवरून (बार हे दाबाचं माप) 50 वर यायला 10 मीटरवर 32 मिनिटं लागत होती. नवशिक्याचा श्वास, दुसरं काय. दर 10 मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. पाण्यावरचा एक धरून 10 वर दोन, 30 वर चार. म्हणजे प्रत्येक श्वासाला दुप्पट हवा, आणि माझी 32 मिनिटं होणार 16. त्यात खाली-वर होण्याचा वेळही आला. शिवाय मालवणला आपण जिथे उतरतो तिथे तेवढी खोली आहे कुठे? खोल डाईव्हसाठी कर्नाटकातलं नेत्राणी बेट नाहीतर अंदमान गाठा.

नायट्रॉक्सचंही तसंच. सिलिंडरात ऑक्सिजन 21 ऐवजी 32 टक्के भरला की शरीरात नायट्रोजन कमी मुरतो आणि खाली जास्त वेळ थांबता येतं. पण साध्या हवेवरसुद्धा 12 मीटरला किती वेळ थांबणं सुरक्षित ते सांगणारा तक्ता 147 मिनिटं देतो. माझी हवा त्याच्या कितीतरी आधी संपणार. विहिरीत पाणी नाही आणि मोटर मोठी घ्यायची, असला तो प्रकार. डाईव्हमास्टरचा विचारच केला नाही. तो धंदा करणाऱ्यांचा कोर्स.

उरला रेस्क्यू, म्हणजे अडचणीतल्या डायव्हरला वाचवायचा कोर्स. त्याचं बीज आमच्या आबांनी, म्हणजे काकांनी टाकलं होतं. "एवढे पैसे घालतो, तं तापीत कोणी बुडालं तं काढशील का?" मी खरं सांगितलं, नाही. पुराच्या गढूळ पाण्यात खाली हात दिसत नाही. ते काम धुळ्याच्या एसडीआरएफसारख्या (राज्य आपत्ती प्रतिसाद दल) पथकांचं आणि आपल्या गावच्या पट्टीच्या पोहणाऱ्यांचं. हौशी रेस्क्यू कोर्स त्यासाठी नसतोच. पण सोबत उतरलेला जोडीदार घाबरला तर? त्याचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं.

नियम नीट वाचताना एक वाट सापडली. रेस्क्यूसाठी पूर्ण अ‍ॅडव्हान्स लागत नाही. पाचातल्या तीनच डाईव्ह करून 'अ‍ॅडव्हेंचर डायव्हर' व्हायचं, फक्त त्यात दिशा शोधण्याची हवी. सोबत गेल्या 24 महिन्यांत घेतलेलं प्रथमोपचार आणि सीपीआरचं प्रशिक्षण. झालेल्या तीन डाईव्ह पुढे अ‍ॅडव्हान्समध्ये धरल्या जातात, वाया काही जात नाही. मी दिशा, तरंगण्यावरचा ताबा आणि मासे ओळखणं ही तीन निवडली. आम्हाला मरळ, वाम, कटला माहीत. पोपटमासा कुणी बघितलाय?

दिशेचा सराव मी केळीच्या बागेत केला. पाण्याखाली होकायंत्राशिवाय काही दिसत नाही असं समजून डोक्यावरून टॉवेल घ्यायचा, नजर काट्यावर ठेवायची आणि तीस पावलं चालून उजवीकडे 90 अंश वळायचं. चार वेळा वळलं की सुरुवातीच्या जागी यायला हवं. पहिल्या दिवशी तिसऱ्या बाजूला मी थेट ठिबकच्या नळीत पाय अडकवून पडलो. उठून बघतो तर आबा बांधावर उभे. "काय हारपलं रे भो?" त्यांना समजावून सांगायला मला सराव करण्याइतकाच वेळ लागला. आठवडाभराने मी त्याच झाडापाशी परत येऊ लागलो, दोन पावलं इकडेतिकडे.

दिवाळीनंतर मंगला एक्सप्रेस पकडून रत्नागिरी, पुढे एसटीनं मालवण. तीन डाईव्ह सुरळीत झाल्या. रेस्क्यूत मात्र माझी जिरली. मी पोहायला विहिरीत शिकलो, पाठीला रिकामा डबा बांधून. बुडणाऱ्याकडे सरळ झेप घ्यायची एवढंच डोक्यात. इन्स्ट्रक्टरनं घाबरलेल्या माणसाचं सोंग घेतलं, मी समोरून गेलो, आणि पुढच्या क्षणी ते माझ्या खांद्यावर चढून माझा मास्क ओरबाडत होते. नाकात खारं पाणी. मग शिकवलं: आधी हाताच्या अंतराबाहेर थांबायचं, बोलत राहायचं, जाकिटात हवा भर आणि वजनं टाक असं सांगायचं. पकडलंच तर खाली जायचं, कारण बुडणारा माणूस वर राहण्यासाठी धडपडतो, तो खाली येत नाही. दुसऱ्या दिवशी बेशुद्ध माणसाला किनाऱ्याकडे ओढत नेताना दर 5 सेकंदांनी एक श्वास द्यायचा होता. मोजता मोजता माझाच श्वास चुकत होता. ते पाच आकडे मला अजून झोपेत ऐकू येतात.

परतताना एक दिवस मालवणातच काढला. डाईव्हनंतर लगेच उंचावर गेलं की अंगात मुरलेला नायट्रोजन त्रास देऊ शकतो, म्हणून विमानासाठी 18 तास थांबा म्हणतात. मी रेल्वेनं जाणार होतो, पण कसारा घाट चढून इगतपुरीला गाडी साधारण 600 मीटरवर जाते. सोलकढी पीत बसायला तेवढं कारण पुरलं.

अ‍ॅडव्हान्सला आता दोन डाईव्ह बाकी आहेत. एक खोल, एक आवडीची. सेंटरवाल्याचा फोन परवा पुन्हा आला होता. मी म्हटलं, थांबा जरा. माझं सिलिंडर आता 10 मीटरवर 41 मिनिटं पुरतं. म्हणजे तीसवर साडेवीस.