पाच मिनिटांची लाळ

दात तपासायचा छोटा आरसा काकांच्या गालाला आतून चिकटून बसला. अलगद सोडवून घ्यावा लागला. एरवी हाच आरसा ओल्या गालावरून घसरत असतो. कॅन्सरच्या रुग्णालयात दंतविभागात काम करत असल्यामुळे आरसा असा चिकटला की तोंडात लाळ उरलेली नाही, हे मला ठाऊक आहे. पण पुढे जे दिसलं त्यानं मी हादरले.

काका निवृत्त शिक्षक. जिभेच्या मुळाशी गाठ झाली होती. सात आठवड्यांत ३५ वेळा मिळून ७० ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप) रेडिएशन झालं आणि गाठ गेली. वर्षानंतरची तपासणीही स्वच्छ आली होती. आता बिस्कीट चावताना खालचा एक दात हिरडीशी मोडला, म्हणून ते आले होते.

जवळपास प्रत्येक दाताला हिरडीलगत तपकिरी पट्टा होता. नेहमीची कीड दाढेच्या खाचांत नाहीतर दोन दातांच्या फटीत लागते. ही मात्र दाताच्या मानेभोवती फिरून त्याला कापत जाते. खालचे पुढचे दात सहसा सगळ्यात शेवटी किडतात, त्यांनाही तिनं सोडलं नव्हतं. दुखत फारसं नसल्यामुळे काकांना त्याचा पत्ताच नव्हता.

मी त्यांना मान खाली घालून बसवलं आणि ओठाशी मापाची नळी धरायला दिली. "काका, गिळू नका, बोलू नका. लाळ येईल तशी पडू द्या." स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला साधारण ०.३ ते ०.४ मिली लाळ सुटते, म्हणजे पाच मिनिटांत दीड-दोन मिली. ०.१ च्या खाली गेली की लाळ फारच कमी समजायची. पाच मिनिटांनी काकांच्या नळीत तळाला थोडा चिकट फेस होता, पहिल्या रेघेलाही न पोचलेला. त्यांनी नळी उजेडाकडे धरली. "एवढीच?"

कानापुढच्या लाळग्रंथी पातळ, पाण्यासारखी लाळ देतात. त्यांच्या पेशी रेडिएशनपुढे फार नाजूक, उपचाराच्या पहिल्याच आठवड्यात लाळ घटू लागते. जबड्याखालच्या ग्रंथी खात नसताना आणि रात्री तोंड ओलं ठेवतात. काकांच्या मानेला दोन्ही बाजूंनी रेडिएशन द्यावं लागलं होतं, त्यामुळे चारही ग्रंथी त्यात सापडल्या. ग्रंथी वाचवत किरण देण्याचं तंत्र आज आहे आणि त्याचा फायदा खरा आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या पारस्पोर्ट चाचणीत वर्षभरानंतर त्रासदायक कोरड राहिलेल्यांचं प्रमाण त्यामुळे ७४ टक्क्यांवरून ३८ वर आलं. पण गाठीला पुरेसा डोस देणं आधी, ग्रंथी नंतर, आणि ते तसंच असायला हवं.

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. कोरड पडते, रात्री जीभ टाळूला चिकटून जाग येते, हे काकांनी उपचार संपल्यापासून सांगितलं होतं. उत्तर एकच मिळालं, पाणी पीत राहा. पाण्यानं घसा भिजतो, पण लाळेतला बुळबुळीतपणा, आम्ल मारणारे क्षार आणि दाताला पुन्हा मिळणारं कॅल्शियम पाण्यात कुठून येणार?

"दिवसभर तोंडात काय काय असतं?" मी विचारलं. काकूंनी पर्समधून आंबटगोड गोळ्यांची पिशवी काढली. "तोंड ओलं राहावं म्हणून मीच देते हो." माझा चेहरा पाहून त्या गप्प झाल्या. "काकू, कुणीही हेच केलं असतं," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं. पण तोंडातलं आम्ल वाढून पीएच ५.५ च्या खाली गेला (पीएच जितका कमी तितकं आम्ल जास्त) की दाताचं कवच विरघळू लागतं, आणि हिरडीपाशी उघडं पडलेलं मूळ त्याच्याही आधी. साखर आणि आम्ल धुऊन न्यायला लाळच नाही, तर गोळी संपल्यावरही दात त्यातच बुडालेले राहतात.

मोडलेला दात काढून टाकणं सोपं होतं, पण मी काढला नाही. रेडिएशन विभागाला फोन करून जबड्याच्या त्या भागाला किती डोस बसला ते विचारलं. भरपूर बसला होता. अशा हाडाचा रक्तपुरवठा मंदावतो, दात उपटल्यावर जखम भरत नाही आणि हाड मरू शकतं. म्हणून तर वाचणार नाहीत असे दात रेडिएशनच्या निदान दोन आठवडे आधी काढतात. आम्ही रूट कॅनाल करून मूळ हिरडीच्या पातळीवर बंद करायचं ठरवलं. लाळ वाढवणारं पायलोकार्पिन द्यावं असं मनात आलं, पण काकांचा दमा आटोक्यात नव्हता, त्यामुळे तो मार्ग बंद.

दातांना कीड रोखणारं फ्लोराइड जेल ज्यात भरून दातांवर बसवतात त्या साच्यांसाठी दोन्ही जबड्यांचे ठसे त्याच दिवशी घेतले. जेल रोज रात्री लावायचं, आणि जन्मभर. "साखर नसलेल्या आंबट गोळ्या चालतील?" काकूंनी विचारलं. साखर नसली तरी आंबट नको, असं सांगून मी झायलिटॉलचा (दात न किडवणाऱ्या गोडीचा) च्युइंग गम, झोपताना कृत्रिम लाळेचं जेल, खाण्याच्या सोड्याच्या गुळण्या आणि तीन महिन्यांनी तपासणी, एवढं मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दिलं.