हौद्याबाहेरच्या कड्या

आमच्या घरी मंडपाचे साहित्य भाड्याने देण्याचा व्यवसाय आहे आणि त्यासाठी एक पिकअप आहे. तिच्या हौद्यात दोर बांधण्यासाठीच्या कड्या आतल्या बाजूला, तळाशी होत्या. गाडी रिकामी असताना त्या सोयीच्या दिसतात. पण स्टेजच्या फळ्या रचून भोवतीच्या फटींत गाद्या आणि कनाती कोंबल्या की त्या मालाखाली गडप होतात आणि वाटेत दोर सैल पडला तर निम्मा माल उपसल्याशिवाय हात पोहोचत नाही. पावसाळ्यात आणखी एक त्रास होतो. ताडपत्रीची कड आतल्या कडीला बांधली की तिच्यावरचे पाणी बाहेर ओघळण्याऐवजी हौद्यातच उतरते.

गेल्या वर्षी साताऱ्याकडून परतताना खेड शिवापूरला चहासाठी थांबलो, तेव्हा दोर ढिला झालेला मला दिसला होता. कडी गाद्यांखाली होती, म्हणून मी तसाच निघालो. नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना ब्रेक दाबावा लागला आणि फळ्यांची चळत वीतभर सरकून केबिनमागच्या जाळीवर आदळली. चूक सर्वस्वी माझी होती. त्याच आठवड्यात बाहेरून कड्या बसवायचे ठरवले.

धायरीतल्या ज्या फॅब्रिकेटरकडे गेलो, त्याने फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या बिजागरीवर उघडणाऱ्या बाजूच्या, पत्र्यावरच आकडे वेल्डिंग करून दोन तासांत गाडी देण्याची तयारी दाखवली. आमच्या अण्णांनी त्याला शांतपणे विचारले, “आणि फाळका उघडायचा कसा? दर वेळी सगळे दोर सोडून?” प्रश्न रास्त होता, पण त्याहून मोठी अडचण अशी की फाळक्याला बांधलेल्या दोराचा सगळा ताण शेवटी बिजागऱ्यांवर आणि खिटीवर येतो, आणि या दोन्ही गोष्टी फाळका बंद ठेवण्यासाठी केलेल्या असतात, माल धरून ठेवण्यासाठी नव्हे. कडी किती जाड आहे यापेक्षा ती कशाला जोडली आहे, हे अधिक महत्त्वाचे असते. ८.८ ग्रेडचा, म्हणजे जास्त ताकदीच्या पोलादाचा, १० मिमीचा बोल्ट तुटायला साडेचार टनांच्या आसपास ताण लागतो. पण तोच बोल्ट नुसत्या पातळ पत्र्यात बसवला, तर बोल्ट शाबूत राहतो आणि पत्रा फाटून तो बाहेर येतो.

म्हणून कड्या हौद्याच्या तळाखालून जाणाऱ्या आडव्या चॅनेलच्या, म्हणजे पन्हाळीसारख्या लोखंडी पट्ट्यांच्या, टोकांना बसवल्या. प्रत्येक बाजूला चार कड्या आल्या; त्यांच्यातले अंतर सारखे नाही, कारण जिथे चॅनेल आहे तिथेच कडी आहे. गाडीच्या मूळ चासीला मात्र हात लावला नाही: तिच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांना भोक पाडणे किंवा तिच्यावर वेल्डिंग करणे म्हणजे पुढे तडा जाण्याची सोय करून ठेवणे होय. प्रत्येक कडी १२ मिमीच्या साध्या गोल सळईची, यू आकारात वाकवलेली, ६ मिमीच्या पट्टीला वेल्डिंग केलेली आहे, आणि ती पट्टी चॅनेलला दोन बोल्टांनी, पलीकडून तेवढीच जाड पट्टी लावून आवळली आहे. बांधकामावरची उरलेली पीळदार सळई वापरू नये, कारण ती घट्ट वाकवताना आणि वेल्डिंगच्या जागी चिरण्याचा धोका असतो. बोल्ट आणि पट्ट्या रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मिळाल्या. भोके पाडण्यापूर्वी चॅनेलमागे वायरिंग किंवा ब्रेकची नळी नाही ना, हे गाडीखाली झोपून पाहिले, आणि भोकांच्या उघड्या कडांना बोल्ट घालण्यापूर्वीच गंज रोखणारा रेड ऑक्साइड रंग लावला.

कड्यांचे तोंड खाली आणि किंचित आत ठेवले आहे. पेठांमधल्या गल्ल्यांत दुचाकीस्वार गाडीला घासूनच पुढे जातात. बाहेर डोकावणाऱ्या आकड्यात एखाद्याची ओढणी अडकली तर काय होईल, याची कल्पनाही नको. कायद्याची बाजूही पाहिली. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तिकेतील तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, म्हणून हौद्याच्या लांबी-रुंदीला धक्का लावला नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४(१अ) प्रमाणे माल बाजूला बाहेर आला तर २०,००० रुपये दंड आहे. बाहेर कड्या आहेत म्हणून माल बाहेर लटकवायचा, असा अर्थ कोणी काढू नये.

मग हिशेब करायला बसलो. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या नियमांत बांधणीने पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ८० टक्के जोर सोसावा, अशी अपेक्षा असते. आमच्या लोखंडी चौकटीच्या फळ्या ४०० किलोंच्या, म्हणजे जोर ३२० किलोंचा. लोखंडावर लोखंड असेल आणि घर्षणांक (दाबाच्या किती पट जोर घर्षण रोखते तो आकडा) ०.२ धरला, तर तो जोर केवळ घर्षणाने रोखायला १६०० किलोंचा दाब हवा, म्हणजे वजनाखेरीज १२०० किलो दोरांनी द्यायचे. तळाशी आणि थरांमध्ये खरखरीत रबर घालून घर्षणांक ०.६ केला, तर दोरांवर फक्त सुमारे १३५ किलो उरतात. एवढ्या खटपटीनंतर रबराच्या चार तुकड्यांनी कड्यांपेक्षा जास्त काम करावे, हे मला थोडे लागलेच. शिवाय दोर जितका उभा तितका दाब जास्त: तळाशी ६० अंशांचा कोन असेल तर ताणातला सुमारे ८७ टक्के भाग माल दाबतो, ३० अंशांना निम्माच. बाहेरच्या कड्यांमुळे उंच मालावरून दोर बराच उभा उतरतो. माल फाळक्यापेक्षा बुटका असेल, तर मात्र दोर फाळक्याच्या कडेवरच टेकतो आणि मालाला शिवतही नाही. त्यासाठी आतल्या कड्या तशाच ठेवल्या आहेत.

नायलॉनचा दोर ताणला जातो आणि भिजला की आणखी सैलावतो, त्यामुळे आता पॉलिएस्टरचे रॅचेट पट्टे, म्हणजे दांड्याने दात-दात आवळायचे पट्टे, वापरतो. फाळक्याच्या धारेवर पट्टा कापू नये म्हणून तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा घालतो.

नट सैल होऊन फिरला तर कळावे म्हणून आवळलेल्या प्रत्येक नटावरून पट्टीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवली होती. गणेशोत्सवाच्या धावपळीनंतर गाडी धुताना पाहिले, तर डाव्या बाजूच्या पहिल्या कडीवरची रेघ तुटून नटाचा भाग थोडा फिरलेला होता. बाकी पंधरा नट जागचे हलले नव्हते, तरीही सगळे सोळा काढून त्या जागी नायलॉक नट, म्हणजे आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे सहज सैल न होणारे नट, लावले आणि रेघा नव्याने ओढल्या.