कूलरमध्ये पाणी टाकलं का?

मे महिन्यात नागपूरच्या कुठल्याही घरी फोन लावा, पलीकडून माणसाच्या आधी कूलर बोलतो. त्याच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची आमची सवय इतकी मुरलेली आहे, की पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना वाटतं, यांच्याकडे कायम भांडणंच चालू.

होळी झाली की कूलर बाहेर निघतो. गेल्या वर्षीच्या ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावलेले, पाण्याने भिजणारे गवताचे पडदे, क्षारांनी पांढऱ्या पडून कडक झालेल्या असतात, त्या काढायच्या, नव्या बसवायच्या. टाकी घासायची. मोटर चालते की नुसती गुणगुणते ते बघायचं. पहिल्या दिवशी ओल्या ताट्यांचा जो वास खोलीभर पसरतो, तोच आमच्याकडे उन्हाळा लागल्याची खूण.

शहर देशाच्या जवळजवळ मधोमध. झिरो माइलचा खांब आम्ही पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो, पण मधोमध असणं म्हणजे समुद्र कुठल्याही बाजूने लांब असणं, हे त्यांना मे महिन्यातच कळतं. २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता. २०१८ च्या डिसेंबरअखेर तो ३.५ पर्यंत उतरला. एकच शहर, एकच कपाट, त्यात दुपट्टाही हवा आणि कानटोपीही. २०२४ च्या मे अखेरीस तर शहरातल्या एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखवले. सेन्सर बिघडला होता, असं नंतर हवामान खात्याने सांगितलं, पण आमच्यापैकी बऱ्याच जणांनी तोवर तो आकडा अभिमानाने गावभर केला होता.

खरं सांगू? पंचेचाळीसची आम्हाला भीती नाही. सकाळी अकराच्या आत कामं उरकायची, डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळायचा, खिशात कांदा, घरी आल्यावर पन्हं. दुपारी गच्चीवर पाय ठेववत नाही, पण त्याच गच्चीवर कुरड्या एका दिवसात खडखडीत वाळतात. आणि घरात कूलर असतो. मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता पंधरा-वीस टक्क्यांवर आलेली असते. अशी हवा ओल्या ताटीतून आली की पाण्याची वाफ होताना तिच्यातली उष्णता निघून जाते. त्यासाठी समोरची खिडकी मात्र उघडी हवी, आत आलेल्या ओल्या हवेला बाहेर जायला वाट हवी. एसीची सवय असलेले पाहुणे इथेच गडबड करतात. प्रेमाने उठून सगळ्या खिडक्या लावून घेतात आणि तासाभराने म्हणतात, "तुमचा कूलर काही कामाचा नाही."

आमची परीक्षा असते ती नवतपा सरल्यावर. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत जातो, ते नऊ दिवस तापायलाच हवेत, नाहीतर पाऊस दगा देतो, असं जुनी माणसं म्हणतात. पुढे जूनमध्ये ढग येतात, पारा अडतीसवर उतरतो, वर्तमानपत्रं दिलासा मिळाल्याचं छापतात. दिलासा कसला! हवेत आधीच ओल, तीत कूलर आणखी ओल ओततो. चादर चिकटते, मीठ पाझरतं. पाऊस नागपुरात यायचा तो जूनच्या मध्यावर, आणि तेही त्याच्या मनात असलं तर. त्या आठ-पंधरा दिवसांत अख्ख्या गल्लीत कुणी कुणाशी धड बोलत नाही. मुंबईकर हे वर्षातले कितीतरी महिने कसं सोसतात, देव जाणे. आमच्या कोरड्या उन्हाला नावं ठेवणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

पावसाळ्यात टाकीत पाणी साठू द्यायचं नाही, डेंग्यूचे डास होतात. म्हणून टाकी कोरडी होते, पण कूलर खिडकीतच राहतो. तो काढायची घाई करणारा माणूस नागपूरचा नव्हे, कारण पुढे ऑक्टोबर आहे. आई तर दसऱ्यापर्यंत त्याला हात लावू देत नाही. "काढतो कायले? पुन्हा लावाच लागते ना."