आमची वाटचाल : चालू दुकानात प्रोग्राम बदलताना

लातूरच्या बाजार समितीतली आडत दुकानं, डाळमिल आणि परभणी-नांदेडच्या मोंढ्यातले व्यापारी हे आमचे ग्राहक. दुकानात एक सर्व्हर, त्याला जोडलेले पाच-सात संगणक आणि आमचा हिशोबपट्टीचा प्रोग्राम सर्व्हरच्या शेअर फोल्डरमध्ये (सगळ्या संगणकांना उघडता येणारा फोल्डर). दसऱ्यानंतर सोयाबीनची आवक चढली की नवी आवृत्ती टाकण्यासाठी "पाच मिनिटं सगळे प्रोग्राममधून बाहेर पडा" असं मुनीमजींना म्हणता येत नाही. पट्टीसाठी शेतकरी समोर उभा असतो. आमची पद्धत घडली ती या एका अडचणीतून.

सुरुवातीला नव्या फाइल जुन्यांवर थेट कॉपी करायचो. चालू प्रोग्रामच्या फाइलवर विंडोज लिहू देत नाही, हे ठीकच. खरा घात अर्धवट कॉपीत होतो: जी डीएलएल (प्रोग्रामला लागणारी जोड-फाइल) कुणी उघडलेली नाही ती बदलते, उघडलेली जुनीच राहते आणि दोन्हींचा मेळ बसत नाही. रोबोकॉपी ही विंडोजची कॉपी करणारी आज्ञा तर अडलेल्या फाइलसाठी १० लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून प्रयत्न करते. तिला स्लॅश-आर ३ (तीनदाच प्रयत्न), स्लॅश-डब्ल्यू ५ (मधे पाच सेकंद थांब) सांगावंच लागतं. शेवटी मिळणारा कोड ८ किंवा जास्त असेल तर कॉपी फसली. १ आला तर घाबरायचं नाही, फाइल नीट गेल्या.

सर्व्हरच्या कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये कुठल्या फाइल उघड्या आहेत ते दाखवणारी 'ओपन फाइल्स' यादी असते, तिच्यातून फाइल जबरदस्तीने बंद करता येते. ते आम्ही करत नाही. नेटवर्कवरून चालणारा प्रोग्राम विंडोज एकदम मेमरीत घेत नाही, लागेल तसा तुकड्या-तुकड्याने ओढतो. मधेच फाइल तोडली की पुढचा तुकडा मिळत नाही, प्रोग्राम कोसळतो आणि अर्धी भरलेली पट्टी जाते. ती यादी आम्ही फक्त बघायला वापरतो.

मग प्रत्येक आवृत्तीला वेगळा फोल्डर दिला आणि 'चालू' नावाचं जंक्शन (दिसायला फोल्डर, पण दुसऱ्या फोल्डरकडे नेणारी वाट) त्याकडे वळवलं. ते बनवायची आज्ञा सर्व्हरवर एमकेलिंक, स्लॅश-जे. तशीच दुसरीकडे नेणारी साधी सिम्बॉलिक लिंक इथे चालत नाही, कारण ती सर्व्हरला जोडलेल्या संगणकावर उलगडते, म्हणजे पुढचा फोल्डर तो संगणक स्वतःवर शोधतो. जंक्शन सर्व्हरवरच उलगडतं. आरएमडीआयआर या फोल्डर काढायच्या आज्ञेने जुनं जंक्शन काढायचं (आतल्या फाइलींसकट पुसणारा स्लॅश-एस चुकूनही लावायचा नाही), लगेच नवं बनवायचं. ज्याचा प्रोग्राम उघडा आहे त्याच्या उघडलेल्या फाइल जुन्या फोल्डरातल्याच राहतात (नंतर उघडणारी फाइल मात्र नव्यातून येते), नव्याने उघडणाऱ्याला नवी आवृत्ती मिळते. मधल्या क्षणी कुणी क्लिक केलं तर 'पाथ सापडला नाही' असं येतं, हीही एक उणीव.

आता त्याहून बरं करतो. डेस्कटॉपवरची छोटी बॅच फाइल (ओळीने आज्ञा लिहिलेली फाइल) सर्व्हरवरचा आवृत्ती क्रमांक वाचते, तो वेगळा असेल तर प्रोग्राम त्या क्रमांकाच्या नव्या फोल्डरात सी ड्राइव्हवर उतरवते आणि तिथूनच चालवते. नेटवर्कची वायर हलली तरी पुढचा तुकडा न मिळून प्रोग्राम कोसळत नाही. नेम एकच: सर्व्हरवर आधी सगळ्या फाइल टाकायच्या, क्रमांकाची फाइल सर्वात शेवटी. उलट केलं तर कॉपी चालू असतानाच कुणीतरी अर्धा प्रोग्राम उचलतो. आणि ती बॅच फाइल शेअरवर ठेवून चालू असताना बदलायची नाही. विंडोज तिचा पुढचा भाग बाइटच्या जागेवरून वाचतं, मजकूर सरकला की भलत्याच ओळीच्या मध्यापासून आज्ञा चालते.

डेटाबेसचं वेगळं. तो शेअरवरच राहतो आणि दिवसभर जुनी-नवी दोन्ही आवृत्त्या त्याला हात लावत असतात. म्हणून तोलाईसाठी नवा रकाना हवा असेल तर फक्त वाढवायचा, रिकामा चालेल असा. जुन्याचं नाव बदलणं किंवा तो काढणं पुढच्या आवृत्तीत, सगळे संगणक नव्यावर आल्यावर. असं ठेवलं की नवी आवृत्ती दुपारी बिघडली तरी क्रमांक मागे घेऊन जुना प्रोग्राम लावता येतो, आणि त्याला डेटाबेस ओळखीचाच दिसतो.